कंबर बेचाळीस

इमारतीच्या जिन्याखाली शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. शिवणाऱ्याला तसं म्हणायची रीत आहे म्हणून. एरवी चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मास्तरांची बोबडी वळायची. तोंडात सदानकदा टाचण्या. एकवीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलणं म्हणजे 'हं' आणि 'ऊंहूं'. टाचण्या काढल्या की आवाज खणखणीत यायचा, पण तो फक्त मापं सांगायला. मास्तर दार लावून, टेप धरून ओरडायचे, मास्तरीणबाई वहीत उतरवायच्या आणि मान वर न करता विचारायच्या, "पुढे?"

आता इमारतीच्या कमिटीला जिन्याखालची खोली हवी होती, लोकांची पार्सलं ठेवायला. रविवारी सभा. ज्याच्या नावावर खोली, त्याने स्वतः उभं राहून आपली बाजू मांडायची, असं ठरलं. खोली गेली की धंदा गेला, कारण घरात मशीन सोडा, स्टूल ठेवायलाही जागा नव्हती.

"हात्तिच्या, त्यात काय एवढं!" मास्तरीणबाईंचा भाऊ म्हणाला. त्याने आत्मविश्वास वाढवायचा सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून तो घरातसुद्धा उभा राहून बोलायचा. "दाजी, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे. बस्स."

"मी कधी कोणाच्या डोळ्यांकडे बघितलेलंच नाही रे," मास्तर म्हणाले. "माझं काम गळ्यापासून खाली."

शेवटी मास्तरीणबाईंनी भाषण लिहून दिलं आणि आठवडाभर मास्तर ते दुकानातल्या पुतळ्यासमोर म्हणत राहिले. पुतळ्याला डोकं नव्हतं, त्यामुळे डोळ्यांचा सराव राहून गेला. बाकी पुतळ्याने एकदाही मध्ये टोकलं नाही.

रविवारी मास्तर स्वतः शिवलेला नवा कोट घालून सभेला गेले. नाव पुकारल्यावर उठले, "सन्माननीय अध्यक्ष" एवढं म्हणाले, आणि पुढचं सगळं साफ पुसलं गेलं. कागद काढायला खिशाकडे हात नेला, तर खिसा बंद. वरचे कच्चे टाके उसवायचे राहिले होते आणि कागद दुकानात मशीनवरच होता. कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळात बघितलं.

मागच्या रांगेतून मास्तरीणबाईंना राहवलं नाही. "पुढे?"

मास्तरांची नजर अध्यक्षांवर होती, गळ्यापासून खाली. तोंड आपोआप उघडलं.

"कंबर बेचाळीस!"

सभा खो खो हसली. अध्यक्ष पोट आत ओढून बसले.

"पुढे?"

"गेल्या वर्षी अडतीस!"

आणि मग मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच नेम त्यांनी आजवर पाळला होता.

"चुकलो साहेब, माफ करा," ते म्हणाले, पण आवाज मापं सांगायचाच राहिला, खणखणीत. "एकवीस वर्षांत तुमच्यापैकी कोणाचं माप मी खोलीबाहेर जाऊ दिलं नाही. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा एक खांदा उतरलेला आहे. मी आतून पट्टी घालतो. बाहेरच्यांना कळत नाही, तुम्हालाही कळत नाही."

सगळे हळूच आपापले खांदे चाचपू लागले.

"पुढे?"

"पुढे काही नाही. मला भीती वाटते. पार्सल कुठेही ठेवता येतं हो. मला कुठे ठेवणार?"

हे काही भाषणात लिहिलेलं नव्हतं. मास्तर मटकन खाली बसले.

मतदान झालं, हात वर झाले. मास्तरांना त्यात दोन बाह्या आखूड दिसल्या, पण ते त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं. खोली राहिली. कार्यवृत्त लिहिणाऱ्याला अध्यक्षांनी एवढंच सांगितलं, "त्यात कंबर घालू नका."

परत आल्यावर मास्तरांनी दुकान उघडलं, दिवा लावला, सवयीने टाचण्यांची डबी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. समोर मास्तरीणबाई उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, गळ्याच्या वर.

"अगं," ते म्हणाले, "तुझे डोळे घारे आहेत."

मास्तरीणबाईंनी वही ओढली, पेन्सिल उचलली.

"पुढे?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी मान वर केली.