नऊ हजार दोनशे किलोमीटर

ताईचं निम्मं आयुष्य अंतरं मोजण्यात गेलं होतं. विमान कंपनीच्या कचेरीत बसून कुठून कुठे किती किलोमीटर, वारा कसा, इंधन किती, याचा आराखडा ती वैमानिकांच्या हातात द्यायची. त्यामुळे धाकटा भाऊ परदेशी गेला तेव्हा दोन विमानतळांमधलं अंतर तिला कुणाला विचारावं लागलं नाही. नऊ हजार दोनशे. अकरा तास, वारा समोरून असला तर साडेअकरा.

आई अंथरुणाला खिळल्यावर हाच आकडा ताई तिला ऐकवायची.

"छोटू कधी येतोय गं?"

"आई, नऊ हजार किलोमीटर आहे ते. रजा मिळाली की येईल."

दोन वर्षं तिने एकटीने आईची कूस बदलली, चमच्याने भरवलं, त्यापायी बढतीवर पाणी सोडलं. धाकटा दर रविवारी फोन करायचा. "जीव तुटतो गं ताई, पण इतक्या लांबून काय करू?" तिला उलट त्याचीच कीव यायची.

आई सकाळी सहाला गेली. ताईने फोन लावला. तो हमसून रडला. "मिळेल ते विमान पकडतो. मी आल्याशिवाय आईला नेऊ नका."

बारा वाजायच्या आत तो दारात उभा.

"एवढ्या लांबून पोरगं धावत आलं," म्हणत मामाने त्याला पोटाशी धरलं. आईच्या उशाशी बसलेल्या ताईच्या डोक्यात सवयीने हिशोब सुरू झाला. सहा तासांत एवढं अंतर कापणारं विमान तिच्या कंपनीकडे नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

आईला पोचवून आल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"कुठून आलास?"

त्याने मान खाली घातली. "चारशे किलोमीटरवर असतो. बदली घेतली. चौदा महिने झाले."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर आईला आळीपाळीने ठेवायचा विषय निघाला असता. माझ्या बायकोला ते झेपलं नसतं. आणि तू होतीस ना, ताई."

दोन वर्षांच्या जागरणांचं तिला काही वाटलं नाही. पण त्याचं खोटं तिने स्वतःच्या तोंडाने आईच्या गळी उतरवलं होतं. अंतरांचा हिशोब लेकीला कळतो म्हणून आईनेही ते मानलं होतं. शेवटच्या महिन्यात तर आईने विचारणंच सोडलं होतं.

ताई तशीच बाहेरच्या खोलीत गेली. "मामा, हा चारशे किलोमीटरवरून आलाय. चौदा महिने तिथेच आहे."



"ताई, आज तरी नको," मागून तो पुटपुटला.

"आजच. उद्या सगळे आपापल्या घरी जातील."

तो संध्याकाळीच निघाला. मामाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. दारात थांबून तो म्हणाला, "येतो, ताई."

तिने 'ये' म्हटलं नाही.