परकराच्या दोन दुमडी

"आता रडून काय उपयोग? तेव्हा यायचं होतं!" डॉक्टर मेहेंदळे खेकसले आणि लगेच स्वतःच ओशाळले.

चंद्राबाई आंबेनळी घाटाखालच्या वाडीतून लेकीला पाठुंगळी घेऊन महाडला दवाखान्यात आली होती. सात वर्षांची आवडी बाकावर बसवली तशी बसून होती, चेहरा सुजलेला, जीभ किंचित बाहेर. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. भर वैशाखात तो गार लागला.

दोन वर्षांपूर्वी चंद्राबाई तिला अशीच घेऊन आली होती. गळ्यातली एक ग्रंथी काम करत नाही म्हणून पोर वाढत नाही, हे डॉक्टरांनी जुनी पुस्तकं धुंडाळून ताडलं. गोळ्या लिहून दिल्या. बाप पांडू मुंबईहून बाटल्या पाठवू लागला आणि आवडी भिंत धरून उभी राहिली, चालली, एक दिवस "आये" म्हणाली. चंद्राबाईनं परकराला खाली तीन दुमडी घातल्या होत्या, पोर वाढेल तशी एकेक उसवायला. पहिली उसवली तेव्हा ती मुद्दाम दाखवायला आली होती. त्या दिवशी डॉक्टर गुणगुणत घरी गेले होते.

त्यानंतर ती फिरकलीच नाही.

"गोळ्या का थांबवल्या?"

"नवस होता, डाक्तरसायब. पोर चालाया लागली का औषद सोडीन आन् बाटली काळकाईच्या पायाशी ठेवीन, म्हनलं होतं. लोकं पाळना वाहतात ना, तशी. आई पावली, मी ठेवली. देवीला दिलेलं माघारी कसं घेऊ?"

"अहो, ती गोळीच्या जोरावर चालत होती. गोळी जन्मभर लागणार तिला."

"जन्मभर?" चंद्राबाई बघतच राहिली. "मग आईनं मला दिलं काय?"

डॉक्टरांना देवीचा राग आला, मग त्या बाईचा, आणि मग तो कुणावरच धरता येईना. जीव नुसता तुटत राहिला.

"पुन्हा सुरू करू. चालेल ती."

"आन् बोलंल?"

"ते नाही सांगता येत."

चंद्राबाईनं डोळे पुसले. लेकीला पाठीवर घेता घेता थबकली.

"धाकटी हिच्यापरीस उंच झाली हाय. ह्यो परकर तिला दिऊ का? नायतरी हिला..."

"नको," डॉक्टर घाईनं म्हणाले. "धाकटीला दुसरा शिवा."

चंद्राबाईनं मान हलवली आणि पायऱ्या उतरली. तिच्या कमरेशी आवडीचे पाय लोंबत होते, आणि त्यांवर परकराच्या दोन दुमडी, न उसवलेल्या.