मालक मिळाला नाही

मी एक जुनी सात खणांची डबी आहे. गोळ्या ठेवायची. लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटे. सात खण, सात झाकणे आणि प्रत्येक झाकणावर वाराचे एकेक अक्षर. माणसाला एकच तोंड असते, म्हणून तो आपली गोष्ट सलग सांगू शकतो. मला सात आहेत, आणि त्यांतले गुरुवारचे नीट मिटत नाही. तेव्हा मित्रांनो, जे तोंड उघडेल त्यातून ऐका.

सो
*आत: काही नाही. नव्या प्लॅस्टिकचा वास.*

माझा जन्म सांगण्यासारखा नाही. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात गेले, साचा मिटला, उघडला, मी बाहेर. माझ्या आधी एक, माझ्यानंतर एक, दोघीही हुबेहूब मीच. कारखान्यातल्या एका बाईने माझी झाकणे उघडून मिटून पाहिली. "ही चालेल," ती म्हणाली आणि मला खोक्यात टाकले. आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली. मला ती पुरली.

मं
*आत: एक पांढरी गोळी, एक गुलाबी.*

औषधांच्या दुकानातून मला एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी घरी नेले. घरात तीन माणसे. बाई, त्यांचा नवरा आणि नवऱ्याची आई.

बाईंना मूल हवे होते. मित्रांनो, तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा पुढे शिकाल, की मूल होण्यासाठी आईच्या शरीरातले बीज लागते आणि वडिलांच्या शरीरातलेही लागते. त्या घरात हे सर्वांना ठाऊक होते. तरी दोन वर्षे गोळ्या एकट्या बाईंनीच घेतल्या.

सासू वाईट नव्हती. उलट दर रविवारी दुपारी तीच आठवण करी.

"अगं, डबी भरलीस का? उद्या सोमवार."

"भरते, आई."

"आणि गुलाबी विसरू नकोस. मागल्या खेपेला विसरलीस, म्हणून राहिलं असेल."

बाई गुलाबी विसरल्या नव्हत्या. मी साक्षीला होते, पण डबीची साक्ष कोण काढतो.

तिसऱ्या वर्षी दवाखाना बदलला. नव्या डॉक्टरीणबाईंनी बाईंची जाडजूड फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग त्यांनी ती मिटली आणि नवऱ्याकडे पाहिले.

"यांचं सगळं व्यवस्थित आहे. तुमची फाइल कुठे आहे?"

"माझी कशाला? मला साधी सर्दीसुद्धा होत नाही."

"सर्दीचा याच्याशी संबंध नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला.

बु
*आत: एक पिवळी पारदर्शक कॅप्सूल, एक पांढरी गोळी, एक विटकरी.*

तपासणीत आढळले ते असे. नवऱ्याच्या शरीरातले शुक्राणू, म्हणजे ते वडिलांकडचे बीज, संख्येने कमी होते, आणि जे होते त्यांची हालचालही मंद होती. डॉक्टरीणबाईंनी हे हवामान सांगावे तसे सांगितले. मग विचारले, "काम काय करता?"

तो लाँड्रीत होता. पंधरा वर्षे. तिथे वाफेचा प्रेस असतो. दोन गाद्यांचा भलामोठा जबडा. खालची गादी माणसाच्या कमरेला लागते. तिच्यावर पँट पसरायची, वरचा जबडा खाली ओढायचा, पायाने कळ दाबायची. वाफ अंगावर येते. दिवसाला दीडशे वेळा. त्याच्या घड्या इतक्या काटेकोर असत, की दुकानात त्याचे नावच घडी पडले होते.

"खाता काय दिवसभर?"

"चहा, बिस्किटं. दुपारी कोपऱ्यावरून तळलेलं काहीतरी मागवतो. वेळ कुठे असतो?"

"सिगारेट?"

तो छताकडे पाहू लागला. "सात," बाई म्हणाल्या. "पाच," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी सात लिहिले.

मग त्यांनी सांगितले ते मला तोंडपाठ आहे. वाफेपुढे सलग उभे राहू नका. सिगारेट बंद. ताटात पालेभाजी, टोमॅटो, अंडी, मासे, मूठभर अक्रोड, भोपळ्याच्या बिया, एखादे फळ. त्याला जोड म्हणून माशाच्या तेलाची कॅप्सूल, जस्ताची गोळी आणि जीवनसत्त्वांची विटकरी गोळी. "जोड म्हणून," त्यांनी पुन्हा सांगितले. "ही जादू नाही. कुणाला उपयोग होतो, कुणाला होत नाही. आणि जास्त घेतल्या म्हणजे जास्त गुण येतो असंही नाही. नवीन बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. तीन महिन्यांनी परत तपासू. तोवर जेवणाबरोबर रोज, चुकवायचं नाही."

त्या रविवारी बाईंनी मला धुतले, पुसले आणि नव्या गोळ्यांनी भरले. सोमवारी मी प्रथमच त्याच्या पिशवीत बसून लाँड्रीत गेले.

सासूने दारात विचारले, "तुझी डबी त्याच्या पिशवीत कशी गं?"

"अशक्तपणा आहे जरा त्याला," बाई म्हणाल्या. तो बुटाची नाडी बांधत राहिला.

गु
*झाकण नाही. आत काय आहे ते सगळ्यांना दिसते.*

हे तोंड मिटत नाही म्हणून खरे सांगते. त्याने त्या तीन महिन्यांत एकही गोळी गिळली नाही.

पहिल्याच गुरुवारी जेवायच्या सुट्टीत त्याने मला उघडले, तेवढ्यात लाँड्रीचे मालक, ज्यांना सारे काका म्हणत, मागून आले. "काय रे घडी, काय खातोस?" त्याने झाकण इतक्या जोराने दाबले की ते तुटून प्रेसखाली गेले. "बडीशेप," तो म्हणाला. काकांनी हात पुढे केला. "संपली," तो म्हणाला.

आता त्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. धुण्याआधी प्रत्येक कपड्याचा खिसा तपासत. किल्ली, बटण, तिकीट, जे निघेल ते पाकिटात घालून वर चिठ्ठी लावत: तारीख, आणि खाली "मालक मिळाला नाही". पाकीट गल्ल्याशेजारच्या फळीवर. माणूस येऊन वस्तू घेऊन गेला, की काउंटरवरच्या मावशी "नाही" या शब्दावर रेघ मारत आणि चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवत. पंधरा वर्षांत त्या दुकानातून कुणाच्या खिशातली टाचणीसुद्धा केरात गेली नव्हती. ही शिस्त घडीचीच होती.

त्यामुळे गोळ्या गिळायच्या नव्हत्या, तरी त्याला त्या टाकवेनात. रोज दुपारी त्याने माझा एक खण रिकामा केला, तीन गोळ्या पाकिटात घातल्या आणि पाकीट फळीवर ठेवले. चिठ्ठीवर तारीख. खाली तेच तीन शब्दांचे, त्याच्या सुबक हस्ताक्षरातले वाक्य. रविवारच्या गोळ्या तो खिशात घालून सोमवारी आणी.

पहिले पाकीट भरले, दुसरे भरले. मावशी म्हणाल्या, "कोण हा विसराळू? रोज त्याच्याच खिशात सापडतं?"

"असतात लोक," तो म्हणाला.

चहा चालू होता. बिस्किटे चालू होती. सिगारेट मागच्या दाराशी, सात.

शु
*आत: काही नाही.*

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. पहिल्यासारखाच.

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "रोज घेतल्या ना?"

बाईच म्हणाल्या, "रोज. डबी मी भरते. संध्याकाळी त्या दिवसाचा खण रिकामा येतो."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "मग पुढचा उपचार बघू. त्यात इंजेक्शनं यांना घ्यावी लागतील, बरीच. बीज तुमचं कमी आहे, पण टोचून घ्यायचं यांनाच. पुढच्या महिन्यात सुरू करू?"

"करू," बाई म्हणाल्या.

मी त्याच्या पिशवीत होते. पिशवी त्याच्या मांडीवर होती. त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. तोंड मात्र त्याने उघडले नाही. त्याला एकच तोंड.

श
*आत: आजच्या तीन गोळ्या, अजून पाकिटात न गेलेल्या.*

शनिवारी शाळा अर्धा दिवस. बाई वाचनालयाचे पडदे न्यायला लाँड्रीत आल्या. मावशींनी पडदे बांधून दिले आणि फळीवरून तीन फुगलेली पाकिटे काढली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. या गोळ्यांवरून काही कळतं का बघा. तीन महिने झाले, कुणी मागायला येईना. आणि वास घ्या जरा. उकाड्यानं सगळ्या चिकटल्यात. कपड्याचं दुकान आणि मासळीबाजाराचा वास."

बाईंनी एक पाकीट उघडले. पिवळ्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. मधे पांढऱ्या, मधे विटकरी. मग त्यांनी चिठ्ठी वाचली. हस्ताक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांच्या घरातल्या सगळ्या डब्यांवर तेच अक्षर होते.

मावशींना खरेच काही ठाऊक नव्हते का, हे मला आजवर समजलेले नाही. त्या लगेच दोरा शोधायला खाली वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

बाई आत आल्या. प्रेस उघडा होता. त्यांनी तिन्ही पाकिटे गादीवर ओळीने ठेवली.

"हे कुणाच्या खिशातलं?"

त्याने पाकिटांकडे पाहिले. "माझ्या."

"का?"

वाफ फुसकन सुटली. ती थांबेपर्यंत दोघेही थांबले.

"घेतल्या असत्या तर कबूल केल्यासारखं झालं असतं."

"मी दोन वर्षं कबूल करत होते," बाई म्हणाल्या. "माझ्यात काही नसताना."

त्याने एक पाकीट ओळीत सरळ केले.

"टाकून तरी द्यायच्या. मला कळलं तरी नसतं."

"टाकवत नाही."

"आणि पुढच्या महिन्यात मी टोचून घेणार होते, ते बघवलं असतं?"

बाईंनी पडद्यांचे गाठोडे उचलले आणि त्या गेल्या. तो पाकिटांपुढे उभा राहिला. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन घड्या पडल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

र
*आत: अजून भरायचे आहे.*

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर रिकामी होते. बाई पुस्तक वाचत होत्या.

"अगं, डबी भरली नाहीस?" सासूने विचारले.

"ज्याची आहे तो भरेल."

सासू मुलाकडे पाहू लागली. तो उठला, गोळ्यांच्या बाटल्या आणल्या आणि माझ्यापुढे बसला. त्याची बोटे कापड सफाईने हाताळत, पण गोळ्या त्यांतून निसटत होत्या.

"तू कशाला भरतोस? बायकांची कामं. आणि अशक्तपणा एवढा काय तुला?"

"आई, अशक्तपणा नाही," तो म्हणाला. "रिपोर्ट माझा खराब आहे. हिचा कधीच नव्हता."

टेबलावर अक्रोडांची पिशवी होती, बाईंनी तीन महिन्यांपूर्वी आणलेली, तशीच बांधलेली. सासूने ती जवळ ओढली, गाठ सोडली आणि अडकित्त्याने एक अक्रोड फोडला. मग दुसरा. पाचव्याला ती म्हणाली, "मग दोन वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुणी तपासलंच नाही, आई."

सासूने सोललेले अक्रोड वाटीत घातले. वाटी मुलापुढे ठेवली. थोड्या वेळाने एक अक्रोड उचलून तिने सुनेच्या पुस्तकावर ठेवला. बाईंनी पान उलटले नाही. अक्रोड खाल्ला.

पुढचे थोडक्यात. दवाखान्यात त्याने स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त इंजेक्शनांची तारीख खोडली. चिकटलेल्या गोळ्या फेकायला लावल्या. तेव्हा त्याने त्या फेकल्या. काकांनी त्याला दिवसातला निम्मा वेळ घड्यांच्या टेबलावर दिला. "आमची बडीशेप कुठे आहे?" ते दुपारी विचारत, आणि तो त्यांच्या हातावर भोपळ्याच्या बिया ठेवी. सिगारेट दुसऱ्या प्रयत्नात सुटली. माझा रोज एक खण रिकामा होत होता, आणि या वेळी गोळ्या जायच्या तिथेच जात होत्या.

तिसऱ्या रिपोर्टात आकडे वर सरकले. छान म्हणावे इतके नाहीत, पण सोडून द्यावे इतके कमीही नाहीत. "गोळ्यांनी की जेवणानं की वाफेपासून लांब गेलात म्हणून, ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच चालू ठेवा. इंजेक्शनांचं नंतर बघू." त्यांनी बाईंनाही एक छोटी गोळी लिहून दिली, होणाऱ्या बाळासाठी आधीपासून घ्यायची असते ती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक खणात दोघांच्या गोळ्या असतात. मूल झाले का, असे तुम्ही विचाराल. अजून नाही. मी डबी आहे, पुढचा आठवडा मला दिसतो, त्यापलीकडचे दिसत नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यासारख्या लाखो निघतात. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरातही एखादी डबी येईल. ती भरणाऱ्याला एकदा विचारा, ही खरी कुणाची? आणि आपली असेल, तर आपणच उचला. कुणी दोन वर्षे तुमच्या वतीने गिळू नये.

राहिले गुरुवारचे झाकण. त्या अक्रोडांच्या रविवारीच त्याने खिशातून लाँड्रीतली एक चिठ्ठी काढली. खणाच्या मापाने तिची घडी घातली, तीनही शब्द वर येतील अशी. मग पेन मागितले. बाईंनी पुस्तकातून मान वर न करता दिले. त्याने शेवटच्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि चिठ्ठी चिकटपट्टीने माझ्यावर लावली.

ती नीट मिटत नाही. पण वाचता येते.