जमेस धरलेले दिवस

"त्रेसष्ट दिवस, व्हर्ना. विम्यात तेवढी फट पडली की मागचं सगळं फुकट गेलं. कुणी विचारायला आलं तर आधी तारखा माग, बाकीचं मग."

इंग्रॅमसाहेबांनी मला कारखान्याच्या ऑफिसात विम्याच्या कामावर घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे बजावलं होतं. साहेब जाऊन चार वर्षं झाली होती, तरी लीलँड ट्रूअक्स माझ्या टेबलासमोर येऊन बसला तेव्हा मला पहिल्यांदा तोच आवाज ऐकू आला. मार्च महिन्यातला शुक्रवार होता आणि काचेचा कारखाना त्या दिवशी कायमचा बंद होत होता. भट्ट्या मंगळवारीच विझवलेल्या. इमारत इतकी गारठली होती की मी कोट अंगात ठेवूनच दाखले टाइप करत होते. कुणाचा विमा कधीपासून कधीपर्यंत होता, एवढंच त्या दाखल्यावर असतं. पुढच्या नोकरीत तो दाखवला की नवा विमावाला जुनं दुखणं वगळू शकत नाही. मात्र मधे फट नको.

लीलँडनं एकोणतीस वर्षं काच निववायच्या भट्टीवर काढली होती. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आपलं सगळं नीट सांगितलं. शेजारच्या काउंटीत नवं गोदाम उघडत होतं, तिथं त्याला जुलैपासून काम मिळालं होतं, विम्यासकट. कारखान्याचा गटविमा आजच संपत होता. कंपनीच बुडाल्यामुळं तो पदरचे पैसे भरून पुढं चालवायचीही सोय नव्हती. मधल्या चार महिन्यांसाठी एक एजंट अल्पमुदतीची पॉलिसी देत होता. आणि अडीच वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं, ओपलचं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं.

"एवढंच सांग," तो म्हणाला. "ही चार महिन्यांची पॉलिसी जमेस धरतात का? का गोदामवाले म्हणतील, मधे तुमचा विमाच नव्हता, हे जुनं दुखणं आमच्या गळ्यात नको?"

मी साहेबांची विम्याच्या नियमांची पुस्तिका काढली, पान शोधलं, दोनदा वाचलं.

"धरतात. घेऊन टाक."

"नक्की? का तुझ्या जपमाळेवर हात ठेवून सांगतेयस?"

"पुस्तिकेवर हात ठेवून सांगतेय."

"मग झालं. तुझ्या पोपपेक्षा माझा तुझ्यावर जास्त भरवसा." तो मेथडिस्ट, पोपला न मानणारा, आणि ओपल माझ्यासारखीच कॅथलिक, आमच्या चर्चची, ही थट्टा आमच्यात जुनीच होती. दाखला घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात घातला आणि बटण लावलं.

ओपलच्या ऑपरेशनपासून मी चर्चमधल्या रोजच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, माळेचे दहा मणी तिच्या नावानं ओढत आले आहे. त्या शनिवारी ओढताना मला वाटलं, या वेळी प्रार्थनेबरोबर हातूनही काही झालं.

जूनमध्ये गोदामवाल्यांचं पत्र आलं. गोदाम उघडणार नव्हतं. पत्राला दहा दिवस होत नाहीत तोच ओपलच्या काखेत गाठ लागली. अल्पमुदतीची पॉलिसी जुन्या दुखण्याला एक पैसा देत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ती फक्त फट बुजवायला घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभरात ऑपरेशन हवं. हॉस्पिटलनं विचारलं, विमा कुणाचा?

मी तेव्हा चर्चच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करत होते. लीलँडला मी म्हटलं, राज्य सरकारची एक योजना आहे. नोकरीचा विमा गेलेल्यांना आजार न विचारता घेतात, मी सोमवारी फोन करते. रविवारी मिस्सेनंतर कॉफीचे कप विसळताना ओपल माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं बांगडीसारखा मनगटात अडकवलेला रबरबँड फिरवत हळूच सांगितलं, लीलँड आताशा रात्री उठून स्वयंपाकघरात नुसता बसतो.

"व्हर्ना, उद्या जे काय कळेल ना, ते आधी मला सांग. फोनवर नको. आणि त्याला माझ्याआधी नको. तो माझ्याशी गोड बोलायला लागेल आणि मला काही कळणारच नाही."

"येऊन सांगेन."

"वाईट असलं तरी?"

"असलं तरी."

सोमवारी सकाळी सरकारी ऑफिसातली बाई फोनवर आली. आवाज थकलेला, पण मनाची चांगली होती. तिनं तारखा विचारल्या. मी सगळ्या सांगितल्या. फट एका दिवसाचीही नव्हती. मग तिनं विचारलं, शेवटचा विमा कोणता?

मी सांगितलं.

पलीकडं तिनं कागद उलटले. मग म्हणाली, ही सोय ज्यांचा शेवटचा विमा नोकरीतल्या गटाचा होता, त्यांनाच आहे.

"पण अल्पमुदतीची जमेस धरतात," मी म्हटलं. "मी स्वतः वाचलंय."

"धरतात ना, बाई. दिवस मोजायला धरतात. नवी नोकरी लागली असती तर तेवढ्यानं भागलं असतं. पण आमच्याकडं शेवटचा कागद बघतात, आणि शेवटचा कागद त्या पॉलिसीचा आहे. ती घेतलीच नसती आणि कारखाना बंद झाल्याबरोबर ते आमच्याकडं आले असते, तर त्यांच्या बायकोला कुणी नाही म्हणू शकलं नसतं."

मी दुसरा मार्ग विचारला. होता. साधा अर्ज करायचा, दुखणं लिहायचं, आणि त्या दुखण्यापुरतं वर्षभर थांबायचं.

"त्यांना ती घ्यायला सांगितली तरी कुणी?" तिनं सहज विचारलं.

"मी."

ती म्हणाली, असं पुष्कळांचं होतं. तिनं ते मायेनंच म्हटलं असावं.

दुपारी लीलँडचा फोन आला.

"काय म्हणतं सरकार? घेतात का आमच्या म्हातारीला?"

"संध्याकाळी येते मी घरी."



"येतेस," तो म्हणाला. "बरं. मी मागं शेडमध्ये असेन. गवत कापायचं यंत्र उघडून ठेवलंय. मी काही लवकर आत यायचो नाही." आणि फोन ठेवला.

घरी येऊन मी नकळत नूडल्स उकळायला ठेवल्या, टूना माशाचा डबा उघडला, वर चीज पसरून भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. कुणाकडं वाईट घडलं की आमच्याकडं असं भांडं झाकून नेतात. पाच वाजता ते बाहेर काढलं, कापडात बांधलं, आणि मग लक्षात आलं की हे हातात घेऊन गेले तर मी तोंड उघडायच्या आत ओपलला दारातच सगळं समजेल.

ते ओट्यावरच ठेवलं. तोंड धुतलं, केस नीट केले. त्यांचं घर सहा चौक पुढं आहे. बाहेर लख्ख ऊन होतं, लोक अंगणात पाणी मारत होते. गाडी न काढता मी मोकळ्या हातांनी चालत निघाले.