चार वाजताची ऑर्डर

हॅलो, मी बोलतोय. दचकू नका. मी कसबा पेठेतल्या शेटे किराणा भांडाराचा फोन. अडतीस वर्षं माझ्यातून दुसरेच बोलले, तुला काही म्हणायचंय का असं मला कोणी विचारलं नाही. आता मला लाइन नाही, रिंग नाही, बिलही नाही. तेव्हा निवांत बोलता येईल.

माझा रंग काळा आणि अंग जड. माझा नंबर बोटाने फिरवावा लागतो. दिगंबर शेट्यांनी माझ्यासाठी सहा वर्षं वाट पाहिली होती. मी आलो त्या दिवशी त्यांनी मला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, गल्लीत पेढे वाटले, आणि संध्याकाळी माझ्या डोक्यावर पाटी ठोकली: "फोन दुकानाचा आहे. शेजाऱ्यांना बोलावून मिळणार नाही." बोलवायचे मात्र सगळ्यांना. कोणाचं बारसं, कोणाचा दहावीचा निकाल, कोणाचं गावाकडचं माणूस गेलं, सगळे निरोप माझ्याच तारेतून गेले.

माझी जागा गल्ल्याच्या शेजारी. तिथून समोरची फळी सरळ दिसायची. दारापाशी साखरेचं पोतं, मग पोहे, रवा, गूळ, डाळी, पुढे मसाल्याच्या बरण्या, साबण, काडेपेट्या, आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, गणपतीच्या तसबिरीखाली कापूर. अडतीस वर्षांत हा क्रम बदलला नाही. शेटे डोळे मिटून कुठल्याही डब्यावर हात ठेवू शकायचे.

माणूस तसा सरळ, पण अटी फार. फोनवर भाव सांगणार नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे, "काय पाठवू?" असं विचारायला आपण होऊन कोणाला फोन करणार नाही. "ऑर्डर गिऱ्हाइकानं द्यायची. आपण काय दारोदार फिरतो?" असं ते म्हणायचे. त्यामुळे आलेले फोन मी ढिगाने ऐकले, दुकानातून बाहेर गेलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तिसरी अट तुम्हाला सांगायला नकोच. दुपारी एकला शटर अर्धं खाली यायचं, शेटे सतरंजीवर आडवे व्हायचे, आणि माझा रिसीव्हर काढून तूरडाळीच्या पोत्यात खुपसायचे, म्हणजे आवाज नको. एक ते चार या वेळात पुण्यात भूकंप झाला असता तरी तो शेटे किराणाला फोनवरून कळवता आला नसता. चार वाजता उठून चूळ भरली की रिसीव्हर झटकून जागेवर. एकदा तुरीचा एक दाणा फटीतून आत शिरला तो शिरलाच. अजूनही मला हलवलं की वाजतो.

रिसीव्हर जागेवर बसतो न बसतो तोच पहिला फोन यायचा. तो आठल्येबाईंचा.

कुसुम आठल्ये या गणिताच्या बाई. नोकरीतून निवृत्त झाल्या, पाठोपाठ यजमान गेले, मुलगा सौमित्र बंगळुरूला. पलीकडच्या बोळातल्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या.

"शेटे, जागे झालात का?"

"झालो. बोला बाई."

"लिहून घ्या. शेंगदाणे अर्धा किलो. मागच्या वेळी खवट होते."

"मागच्या वेळी तुम्ही शेंगदाणे नेलेच नव्हते."

"मग त्याच्या मागच्या वेळी."

शेंगदाण्यांना एक मिनिट लागायचं आणि बाकीच्या बोलण्याला वीस. नळाला पाणी कधी येतं, कोणाच्या मुलीचं ठरलं, गुडघ्याला कोणतं तेल लावावं. संध्याकाळी शेटे स्वतः पुडे घेऊन तीन मजले चढायचे. बायको गेल्यावर शेट्यांशी वीस मिनिटं बोलणारं आणखी कोणी राहिलं नव्हतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण तीनच्या पुढे त्यांचं घड्याळाकडे लक्ष असायचं. झोप कुठली?

मग गल्लीच्या तोंडाशी ते मोठं मार्ट उघडलं. काचेचं दार, फुग्यांची कमान, आत एसी, ढकलायच्या गाड्या. पहिल्या दिवशी येईल त्याला एक किलो साखर फुकट. आमची गिऱ्हाइकं त्या दिवशी "नुसतं बघून येतो" म्हणून गेली आणि बघतच राहिली. परत येताना दुकानासमोरून जावं लागे, तेव्हा पिशवीवरचं नाव आतल्या बाजूला करून जायची. काहींना नेमका त्याच वेळी मोबाईलवर महत्त्वाचा फोन येई. माणसांना लाज वाटते, पण सवलतीपुढे ती फार टिकत नाही.

वर्षा-दोन वर्षांत दहा मिनिटांत सामान घरी आणून देणारी ॲपं आली. शेट्यांचा मुलगा आमोद हिंजवडीला कंपनीत. तो रविवारी येऊन समजवायचा, "बाबा, लोकांकडे आता ऑप्शन्स आहेत. कोण फोन करून लिस्ट देणार? ओल्ड मॉडेल आहे हे."

ओल्ड मॉडेल म्हणताना तो माझ्याकडे बघत होता.

पूर्वी मी दिवसातून साठ वेळा वाजायचो. मग वीस, मग पाच. शेवटी एकच, चारचा. दिवसभर मी गप्प आणि शेटेही गप्प. दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. मला फार एकटं वाटायचं, हे सरळच सांगतो. फोनचा जन्मच मुळी दोन टोकांसाठी असतो.

माल उठेना तसा शेट्यांनी भरणंही कमी केलं. फळीवर एकेक डबा रिकामा व्हायला लागला. आणि एका दुपारी बाई म्हणाल्या, "खडीसाखर पावशेर."

खडीसाखरेचा डबा महिनाभर उपडा होता. आता, पुण्यातल्या दुकानदाराला 'नाही' म्हणायला शिकवावं लागत नाही. शेट्यांनी उभ्या आयुष्यात हजारो लोकांना नाही म्हटलं, आणि मान वर न करता म्हटलं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "आहे ना. पाठवतो."

फोन ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि गेले ते थेट मार्टात. येताना प्लॅस्टिकचं पाकीट शर्टाखाली लपवलेलं. ते कात्रीने कापलं, खडीसाखर वर्तमानपत्राच्या कागदात ओतली, पुडा बांधला, सुतळीची गाठ मारली. पाकिटाची घडी करून केरात खाली दडपली. चोरी केल्यासारखा चेहरा झाला होता. पण पुडा इतका सुरेख त्यांनी कित्येक दिवसांत बांधला नव्हता.

मग रोजचंच झालं. बाईंनी सांगायचं, यांनी "आहे" म्हणायचं आणि मार्टात रांगेत उभं राहायचं.

दुसरं गुपित मला पलीकडच्या टोकाकडून कळलं. बाई यादी सांगत असताना त्यांच्या दाराची बेल वाजायची. "एक मिनिट हं," म्हणून त्या हाताने फोन झाकायच्या. पण मी ऐकायचो. पिशवीची चुरचुर, डबे उघडल्याचा आवाज, आणि पुटपुटणं: "सौमित्रनं पुन्हा दोन किलो साखर धाडली. कुठं ठेवू आता?" तिकडे बंगळुरूहून मुलगा ॲपवर सगळं भरून पाठवत होता. मग बाई हात काढून म्हणायच्या, "हं शेटे, लिहून घ्या. साखर अर्धा किलो."

एकाकडे विकायला माल नाही, दुसरीला घ्यायची गरज नाही, आणि व्यवहार अगदी चोख चाललेला. मी दोघांच्या मधोमध. सांगायचं तरी कोणाला?

शेवटी गुडघ्यांनी आणि आमोदने मिळून शेट्यांना हरवलं. दुकान भाड्याने द्यायचं ठरलं, तेही एका ॲपवाल्या कंपनीला, गोदामासाठी. म्हणजे गिऱ्हाईक आत येऊ शकणार नाही असं दुकान. शेट्यांनी हिंजवडीला आमोदच्या सतराव्या मजल्यावर राहायला जायचं. माझी लाइन बंद करायचा अर्जही गेला.

बाईंना हे सांगायचं राहिलं. आठ दिवस शेटे रोज ठरवायचे. "बाई, एक सांगायचं होतं," असं म्हणायचे आणि बाई म्हणायच्या, "आधी लिहून घ्या." लिहून होईपर्यंत त्यांचा धीर संपायचा. मी घसा फोडून सांगितलं असतं, पण माझा घसा दुसऱ्यांसाठी.

शेवटचा दिवस उजाडला. फळ्या सकाळीच उतरवल्या होत्या. तरी एक वाजता शेट्यांनी सवयीने रिसीव्हर काढला. डाळीचं पोतं नव्हतं, म्हणून जमिनीवर ठेवला आणि सतरंजीवर आडवे झाले. चारला जाग आली ती आमोद टेम्पो घेऊन आला त्या गडबडीने. काटा उचला, बरण्या कागदात गुंडाळा, गल्ला खोला. सगळं उचललं. जमिनीवरचा माझा रिसीव्हर तेवढा कोणी उचलला नाही.

चार वाजले, साडेचार झाले, पाच झाले. मला काही ऐकू येत नव्हतं, पण माहीत होतं. तिकडे बाई आकडे दाबत असणार आणि त्यांना एंगेज लागत असणार. पुन्हा दाबत असणार. मी जमिनीवर तोंड उघडं टाकून पडलो होतो आणि एक शब्द काढता येत नव्हता.

सव्वासहाला दारात काठी वाजली. चौदा महिन्यांत जिना न उतरलेल्या आठल्येबाई धापा टाकत उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"अहो शेटे, दुपारपासून फोन एंगेज. कोणाशी एवढं बोलताय?"

शेट्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बाईंनी दुकान पाहिलं. भिंतीवर फळ्यांचे नुसते पांढरे पट्टे राहिले होते.

"बाई, सांगणार होतो."

"आठ दिवस सांगताय. शाळेत गृहपाठ न आणलेल्या मुलांचा आवाज ओळखण्यात काढलंय आयुष्य."

"आणि एक कबूल करायचंय. ती खडीसाखर, साखर, ते सगळं..."

"मार्टातलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं. तुमची साखर इतकी स्वच्छ कधीच नव्हती."

शेटे हसले, पण हसणं नीट जमलं नाही. "मग घेत का होतात? तुमच्याकडे तर ठेवायला डबा नाही. मला बेल ऐकू यायची, बाई."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आमोद मध्येच म्हणाला, "काकू, मी तुम्हाला बाबांचा मोबाईल नंबर देतो ना, व्हॉट्सॲप करा." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो टेम्पोकडे गेला.

"मी फोन करणार नाही, शेटे. आता दुकान नाही म्हणजे मी गिऱ्हाईक नाही. तुम्ही करा."

"मी कधी केलाच नाही तुम्हाला. नंबर कुठे माहीत आहे?"

"मग लिहून घ्या," बाई म्हणाल्या.

शेट्यांनी कानावरची पेन्सिल काढून कॅलेंडरच्या मागे नंबर लिहून घेतला. मग बाईंनी काठी माझ्याकडे रोखली. "हा भंगारात जाणार असेल तर मला द्या." शेट्यांनी माझा रिसीव्हर उचलला, झटकला, आत दाणा वाजला. वायर माझ्याभोवती गुंडाळून त्यांनी मला बाईंच्या पिशवीत ठेवलं आणि तीन मजले पोचवायला आले. ती शेवटची घरपोच सेवा.

आता मी बाईंच्या टेबलावर असतो, त्यांच्या पांढऱ्या फोनच्या शेजारी. त्याची लाइन चालू आहे, माझी नाही. दुसऱ्या दिवशी चारला तो वाजला. बाईंनी उचलला. पलीकडचं मला ऐकू येत नाही, बाईंचंच तेवढं येतं. "कोण? हां, जागी आहे. काय म्हणता, ऑर्डर? बरं, लिहून घेते." आणि कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी लिहिलं: साखर, अर्धा किलो.

जिथे खाली बघितलं तर माणसं मुंगीएवढी दिसतात आणि बटण दाबलं की दहा मिनिटांत साखर येते, तिथून शेटे साखर मागवत होते! दुसऱ्या दिवशी पोहे. मग रवा. मग गूळ. बाईंना वाटायचं, म्हाताऱ्याला सुचेल ते बोलतोय. पण मी ओळखलं. ते डोळे मिटून फळीवरून हात फिरवत चालले होते. दारापासून आतपर्यंत, रोज एक डबा. चाळीसएक दिवसांनी, एका गुरुवारी, बाईंनी लिहिलं: कापूर.

शुक्रवारी फोन वाजला नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. बाई चारला टेबलाशी येऊन बसायच्या. रिसीव्हर उचलून पुन्हा नीट ठेवायच्या, न जाणो. ऑर्डर गिऱ्हाइकानं द्यायची असते, आणि आता गिऱ्हाईक तिकडे होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, ते आजारी नाहीत हो. त्यांचं दुकान संपलंय.

सोमवारी साडेचारला बाई म्हणाल्या, "हट्टी माणूस." आणि पांढऱ्या फोनच्या पडद्यावर राहिलेला शेट्यांचा नंबर बघून लावला. मी आकडे मोजले, आधी शून्य आणि मग मोबाईलचे दहा.

"शेटे, जागे झालात का?"

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"काय संपलं?" त्यांनी विचारलं. पुन्हा ऐकलं. मान हळूहळू माझ्याकडे वळली. "असं होय. कापूर शेवटी. माझ्या लक्षात नाही आलं."

मग बाईंनी कॅलेंडरचं नवं पान ओढलं, पेन्सिल घेतली आणि वर्गात लावायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "मग पुन्हा पहिल्यापासून. साखर, अर्धा किलो. लिहितेय मी. पुढे बोला."

त्या लिहीत होत्या, हात टेबलावर आपटत होता, आणि माझ्या पोटात तुरीचा दाणा बारीक वाजत होता. मला कोणी उचलत नाही, यापुढे उचलणारही नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, दुपारी खुशाल झोपा. चारला उठलात की रिसीव्हर जागेवर आहे का, तेवढं बघा.

बरं, ठेवतो.