आदर्श मार्गावरच्या लाह्या

“लाह्या किती आहेत?” प्रफुल्लनं विचारलं.

बापूजींनी पोत्याचं तोंड सोडून दाखवलं. पोतं अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. प्रफुल्लनं आत हात घालून मूठभर लाह्या काढल्या, सोंडे लागलेला तांदूळ बघावा तशा बघितल्या आणि परत टाकल्या.

“एवढ्या काऊन?”

“धान घरचं हाये,” बापूजी म्हणाले. “पोरगीबी घरचीच हाये.”

पोरगी म्हणजे कुंता. ती पन्नाशीला टेकली होती आणि या घडीला अंगणात बांबूच्या तिरडीवर हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून निजली होती. बापूजी तिचे काका. निरोप मिळाल्यावर चामोर्शीकडच्या गावातून पहिल्या गाडीनं, पोतं मांडीवर घेऊन ते आले होते. भिंतीला टेकून बसलेला केवळराम तिचा नवरा. आणि प्रफुल्ल हा पळसपेठ नगर परिषदेचा स्वच्छता निरीक्षक, म्हणजे नवराबायको दोघांचाही साहेब. वयानं त्यांच्या पुतण्याएवढा. आल्या आल्या तो कुंताच्या पायांवर डोकं ठेवून खरोखरीचा रडला होता. मग रुमालानं डोळे पुसून त्यानं लाह्यांची चौकशी सुरू केली.

कारण आज सर्वेक्षणवाले येणार होते.

देशातली झाडून सगळी शहरं एका रांगेत उभी करून कुठलं किती घाण ते ठरवणारी ही माणसं. पळसपेठला शहर म्हणावं की नाही याबद्दल खुद्द पळसपेठमध्ये एकमत नव्हतं. पण रांगेत नाव होतं, आणि ते रांगेच्या शेपटाशी होतं. म्हणून बस स्टँडपासून नदीच्या घाटापर्यंतचा एकच रस्ता निवडून त्याला ‘आदर्श मार्ग’ असं नाव देण्यात आलं होतं. मार्गावर निळे-हिरवे कचऱ्याचे डबे बसवले होते आणि ते कचऱ्यानं खराब होऊ नयेत म्हणून त्यांना कुलपं घातली होती. मोकाट गायी ट्रकात भरून पार घुग्घुसकडं सोडून आले होते. काही दिवसांनी त्या पायीच परत आल्या. कोळशाच्या धुळीनं इतक्या काळ्या झाल्या होत्या, की नगर परिषदेनं म्हशी आणल्या असं लोकांना वाटलं.

हा रस्ता आदर्श व्हायच्या कितीतरी आधीपासून कुंताचा होता. रोज पहाटे ती पुढं झाडत जायची, ढीग लावायची. मागून केवळराम हातगाडी घेऊन ढीग उचलायचा. संसाराचा बराचसा भाग त्यानं तिच्या पाठीकडं बघण्यात घालवला होता आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पोरबाळ झालं नाही. मग तिच्या छातीत धूळ बसली. डॉक्टरांनी ‘धुळीपासून दूर राहावे’ असं लिहून दिलं. तो कागद तिनं देव्हाऱ्यात ठेवला, कारण त्याचं दुसरं काय करावं ते कोणालाच सुचलं नाही.

“केवळरामभाऊ,” प्रफुल्ल उकिडवा बसला. “मांगच्या पांदणीनं नेलं त?”

“पांदणीनं मेलेली ढोरं नेतेत.”

“मंग संध्याकाळी? चार वाजता पाहुणे चंद्रपूरले परत जाते.”

केवळरामनं फक्त वर बघितलं. मे महिन्याचं ऊन अंगणात अर्ध्यापर्यंत आलं होतं आणि तिरडीच्या पायथ्याशी पोचायला त्याला फार वेळ लागणार नव्हता. प्रफुल्लनंही बघितलं आणि तो मुद्दा आपणहून मागं घेतला.

“बरं, लाह्यांच्या जागी फुलं टाकू.”

“फुलं कचरा नाई का, साहेब?” रीतानं विचारलं. ही कुंताची मैत्रीण, बाजारातला रस्ता झाडणारी.

“फुलं ओला कचरा. त्याचं खत होते. लाह्या त…” प्रफुल्ल अडखळला. त्याला मिळालेल्या पुस्तिकेत नारळाच्या करवंटीपासून तुटक्या खेळण्यापर्यंत सगळं होतं, लाह्या नव्हत्या. “लाह्या कोरड्या राह्यते.”

“पाणी शिंपडू का?”

रीता चेष्टा करत नव्हती. प्रफुल्लनंही क्षणभर विचार केला.

“काई शिंपडाचं नाई,” बापूजी म्हणाले. “लाह्या पडल्या पाहिजे. नाई त तिले वाट कशी दिसन?”

त्यांच्या गावात असंच मानत. तिरडी उचलली की लाह्या उधळत जायचं. त्या पांढऱ्या रेघेनं गेलेल्या माणसाला वाट दिसते. मग चिमण्या येतात, लाह्या टिपतात, आणि वाट मिटते. मिटली की माणूस मागं फिरत नाही. पण चिमण्यांच्या आधी झाडू लागला तर वाट मिटत नाही, तुटते. तुटलेल्या वाटेवरचा माणूस ना इकडचा ना तिकडचा.

“बापूजी,” प्रफुल्ल हळूच म्हणाला, “तो रस्ता तिले पाठ आहे.”

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच कोणाला आवडलं नाही.

“मी काई हौसेनं नाई सांगून राह्यलो,” प्रफुल्ल आता केवळरामकडं न बघता बोलत होता. “नंबर अजून मांगं गेला त मोठे साहेब ठेका बदलवते. नवा ठेकेदार नवी माणसं आणते. रीता घरी, सगळ्या बाया घरी. मीबी घरी.”

“मंग तुमी येजा आमच्याकडं,” रीता म्हणाली. “मासोळ्या पकडाले शिकवतो.”

केवळराम कुंताच्या चेहऱ्याकडं बघत होता. लाह्यांच्या बाजूनं भांडावं की रस्त्याच्या, हे त्याला कळत नव्हतं. कुंता आत्ता उठून बसली असती तर तिनं दोन्हीकडून भांडण केलं असतं.

कारण रस्ता या गोष्टीत तिला गंमत चालत नसे. मोठी शहरं तिनं फार पाहिली नव्हती, पण जी पाहिली त्यांचे रस्ते नीट पाहिले. मिरची तोडायला तेलंगणात गेले तेव्हा एका दिवसासाठी हैदराबाद झालं. बाकीच्यांनी मिनार पाहिले. कुंतानं रस्त्याचा मधला पट्टा पाहिला आणि म्हणाली, “रस्ता चांगला हाये, पण झाडणारी एकटी हाये. मधात हात पोचला नाई तिचा.” छातीसाठी नागपूरला नेलं तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी, ऑक्सिजनची नळी लावायचा नंबर येईपर्यंत, ती समोरचा रस्ता न्याहाळत बसली होती. “इथी घाईनं झाडते. ह्या बाईच्या घरी तान्हं लेकरू असन.” मुंबईबद्दल ती मत देत नसे. ती फक्त टीव्हीत पाहिली होती, आणि टीव्हीवाले कडा दाखवत नाहीत. प्रफुल्ल पहिल्या नंबरच्या शहरात जाऊन आला आणि तिथल्या रस्त्यावर सांडलेलं दूध उचलून प्यावं इतकी स्वच्छता आहे म्हणाला, तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, “सांडते काऊन पण?”

“लाह्या उधळू,” केवळराम अखेर म्हणाला. “मांगून रीता झाडन.”

बापूजींनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं मान खाली घातली.

“झाडू लावशीन तिच्या वाटेले?”

“तिचा रस्ता हाये, बापूजी. तिले घाण ठेवलेला चालत नाई.”

मग मडकं घ्यायला उठताना तो रीताच्या जवळून गेला आणि ओठ न हलवता म्हणाला, “कडेच्या थोड्याशा राहू देजो. चिमण्यापुरत्या.”

रीतानं मान हलवली.

बाया घाटावर जात नाहीत, ही रीत. पण हातात झाडू आणि अंगात नगर परिषदेचं चमकणारं जाकीट असलं की बाई ड्युटीवर असते, आणि ड्युटीवरच्या बाईला ही रीत लागू होते का, ते बापूजींना माहीत नव्हतं. म्हणून रीता आणि तिच्याबरोबरच्या बाया निघाल्या. सगळ्यात पुढं शिंकाळ्यात धुमसतं मडकं घेतलेला केवळराम. मागं तिरडी. तिरडीशेजारी बापूजी लाह्या उधळत. त्यांच्या मागं ओळीनं झाडू मारत बाया. आणि बाजूनं, मोटारसायकल ढकलत, प्रफुल्ल.

मडकं धरलेल्या माणसानं मागं बघायचं नसतं. केवळराम फक्त ऐकत होता. लाह्या डांबरावर पडताना आवाज करत नाहीत. झाडू करतो. खर्र, खर्र. रीताचा हात त्याला ओळखू येत होता; ती झाडू जरा उचलून टाकते. कुंता घासत न्यायची. आयुष्यभर तो झाडूच्या आवाजाच्या मागून चालला होता. आज आवाज मागं होता आणि तो पुढं, आणि पाय कुठं टाकावा ते त्याला समजत नव्हतं.

बँकेच्या वळणावर सर्वेक्षणवाले भेटले. एक मुलगा, एक मुलगी, दोघांच्या डोक्यावर टोप्या, गळ्यात ओळखपत्रं. अंत्ययात्रेच्या मागून पथक झाडत येतंय, हे बघून मुलगी जागच्या जागी थांबली.

“हे नेहमी असं असतं?” तिनं प्रफुल्लला विचारलं.

प्रफुल्लनं घसा साफ केला. “आमच्या स्टाफच्या होत्या.”

मुलीनं टोपी काढली, हात जोडले आणि ती निमूटपणे बायांच्या बाजूनं चालू लागली. मुलाला मात्र त्याचं काम पुरं करायचं होतं. तो पुढं येऊन केवळरामच्या बरोबरीनं चालू लागला.

“काका, एकच प्रश्न. आपल्या शहराच्या स्वच्छतेबद्दल आपण पूर्ण समाधानी आहात, अंशतः समाधानी आहात, की असमाधानी?”

मडक्याचा धूर केवळरामच्या डोळ्यांत जात होता. थांबायची सोय नव्हती.

“मोठ्या शहरांशी तुलना केली तरी चालेल,” मुलगा म्हणाला.

“मले मांगं पाहता येत नाई,” केवळराम म्हणाला. “रस्ता कसा हाये ते तूच पाहून सांग, बाबू.”

मुलानं मागं वळून पाहिलं. “एकदम क्लीन आहे, काका. काहीच राहिलेलं नाही.”

“काईच नाई?”

“काहीच नाही.”

केवळरामनं मडक्याचं शिंकाळं दुसऱ्या हातात घेतलं.

“मंग तेच लिही,” तो म्हणाला.

मुलानं मोबाइलवरच्या ‘पूर्ण समाधानी’वर बोट टेकवलं आणि आभार मानले.

घाटावर जे व्हायचं ते झालं. परतताना केवळरामला मान वळवायची मोकळीक होती. तो आणि बापूजी रस्त्याच्या कडेनं, खाली बघत, हरवलेलं काही शोधावं तसे आले. एकही लाही नव्हती. कडेला नव्हती, गटारीच्या जाळीत नव्हती, गतिरोधकाच्या फटीत नव्हती. विजेच्या तारेवर दोन चिमण्या होत्या. त्या खाली उतरल्या, जरा इकडंतिकडं उड्या मारल्या आणि उडून गेल्या.

रीता बँकेपाशी झाडू खांद्याला लावून उभी होती. त्यांना पाहून तिनं आधीच बोलायला सुरुवात केली.

“मी ठेवल्या होत्या, भाऊ. तुमची शप्पथ. घाटापर्यंत दोन्ही कडेनं ठेवत आली होती. पण ते सर्वेवाली पोरगी होती ना, ते मांगून आली आन् वाकून वाकून एकेक उचलली तिनं, जातानी घाटापर्यंतच्या, येतानी बँकेच्या इकडच्याबी. मी म्हटलं राहू द्या, मॅडम. त म्हणे, नाई ताई, एवढं तरी करू द्या मला तुमच्या मैत्रिणीसाठी. रडून राह्यली होती बिचारी.” रीतानं नाक पुसलं. “वळण चांगलं हाये पोरीले. काय बोलू मी?”

“मंग अडकली ते,” बापूजी म्हणाले.

“कुठी?”

“कुठी म्हंजे? इथीच.” त्यांनी हातानं आदर्श मार्ग दाखवला, बस स्टँडपासून घाटापर्यंत. मग रिकाम्या पोत्याची घडी घालून काखेत मारली आणि दुपारच्या गाडीनं ते निघून गेले. केवळरामशी ते बोलले नाहीत.

चार वाजता पाहुण्यांची गाडी गेली. त्यानंतर पळसपेठच्या लोकांनी, बरेच दिवस अंग चोरून बसलेल्या माणसानं पाय पसरावेत तसा, रस्ता वापरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी केवळरामनं यावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. सुतक होतं, आणि प्रफुल्लनं स्वतः सांगितलं होतं की तेरवी होईपर्यंत कामावर येऊ नका. पण फटफटायच्या वेळेला रीता बस स्टँडशी आली तेव्हा तो हातगाडी घेऊन उभा होता. रस्त्यावर तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या होत्या, आंब्याच्या कोयी होत्या, रात्रीच्या वरातीचे फटाके होते. ढीग एकही नव्हता.

“मी मारून देतो झाडू इथी, भाऊ,” रीता म्हणाली. “बाजार मांगून करतो.”

“थांब थोडीशी.”

“काऊन?”

त्यानं घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावरून नजर काढली नाही. रीतानं त्याच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं. झाडू तिनं काखेत घेतला.

थोड्या वेळानं प्रफुल्ल मोटारसायकलवर आला. कचरा बघून बोलायला त्यानं तोंड उघडलं. मग त्यानं गाडी बंद केली आणि तोही उभा राहिला. पहिली बस आली, माणसं उतरून आपापल्या वाटेनं गेली. वाऱ्यानं दोनचार पन्न्या या कडेवरून त्या कडेला गेल्या.

केवळराम गाडीचा दांडा धरून उभा होता. पुढं झाडणाऱ्या माणसाची धूळ अंगावर येऊ नये, एवढं अंतर सोडून.