पहिला कॉल

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे खुसपटबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेणाऱ्या बाईला कोण डोक्यावर घेऊन नाचणार? कंपनी फोनवर बोलायचं ॲप बनवायची आणि ही ते मोडून बघायची.

ही चूक मात्र तिला घरी सापडली. दरवर्षी वाढदिवसाला याच ॲपवर ताईचा फोन यायचा, कारण आदल्या दिवशी हीच फोन करून आडून आडून आठवण करून द्यायची. यंदा तिने ठरवलं, आपण हात लावायचा नाही, काय होतं ते बघायचं. झालं काहीच नाही. आधीचा आठवडा कोरडा गेला, वाढदिवस गेला, नंतरचाही आठवडा गेला. शेवटी फोन चालू तरी आहे का, म्हणून तिने ऑफिसने दिलेल्या फोनवरून स्वतःलाच कॉल लावला. वाजला नाही. पुन्हा लावला, तर लगेच वाजला.

"माझ्याकडे नाही होत असं," ऑफिसातला प्रोग्रामर म्हणाला. कसं होणार? त्याला आई, बायको आणि सासरे दिवसभर फोन करून भंडावून सोडत.

तिच्या रिपोर्टात पहिलीच पायरी होती: आठवडाभर कोणाचाही फोन येऊ देऊ नये.

"असा फोन आणायचा कुठून?" तो हसला.

आठवड्याने तिने स्वतःचा फोन त्याच्यासमोर ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. त्याने कॉल लावला आणि त्याचं हसू मावळलं.

"ॲप झोपतंय," तो म्हणाला. "पहिला कॉल त्याला जागं करण्यातच संपतो, त्याची नोंदही राहत नाही. दुसरा मात्र हमखास वाजतो."

म्हणजे ताईने केला असेल! एकदाच केला असेल आणि नेमका तोच गेला असेल. तिच्या जिवात जीव आला. जेवणाच्या रिकाम्या खोलीत जाऊन तिने घाईघाईने ताईला फोन लावला.

"ताई, माझा फोन बिघडला होता गं. वाढदिवसाला केला होतास का तू?"

ताई सुटलीच. "अगं, कितीदा केला! सकाळपासून लावतेय, लावतेय, तू उचलशील तर शपथ. शेवटी म्हटलं, बाईसाहेब रुसल्या असतील."

एकदाच केला म्हणाली असती, तर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला असता. खरंच कितीदा केला असता, तर दुसऱ्या कॉललाच वाजला असता. तिला रडू यायला लागलं. असं प्रोग्रामरने सांगितलं असतं, तर तिने त्याची चूक तिथल्या तिथे पकडली असती.

"हो ना ताई," ती म्हणाली, "मेला फोनच तसला."